जुने आणि नवे : देवशब्दाची नक्कल करणारे हात

पवित्र शास्त्र अभ्यास
वाचनासाठी : यिर्मया ३६; नहेम्या ८:१-८; मत्तय १३:५१-५२



वाकड-हिंजवडी भागात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना एक प्रश्न कधी ना कधी विचारला गेला असेल. कंपनीच्या कँटीनमध्ये किंवा सोसायटीच्या बाकावर एखादा मित्र सहज म्हणतो, "तुमचे बायबल मूळचे राहिलेच कुठे? हाताने नकला करता करता लोकांनी ते बदलून टाकले." हल्ली आपली मुलेही मोबाइलवर काहीतरी पाहून घरी येऊन हेच विचारतात. अशा वेळी आपण बहुधा गप्प बसतो, नाहीतर "छे! एक अक्षरही बदललेले नाही" असे ठासून सांगून मोकळे होतो. गप्प बसण्याने मुलाची शंका वाढते. ठासून सांगितलेले उत्तर मात्र अधिक धोक्याचे आहे, कारण ते खरे नाही. उद्या तोच मुलगा बायबलच्या तळटीपेत 'काही प्राचीन प्रतींत हे वाक्य नाही' असे वाचतो आणि त्याला वाटते की आईवडिलांनी आपल्याला फसवले.

म्हणून आज आपण प्राचीन यहुदी लेखनिकांच्या कामाची ओळख करून घेऊ. त्यांनी देवाचा शब्द कसा उतरवून घेतला, कसा नव्याने सांगितला आणि या दोन कामांतील फरक कसा सांभाळला, हे समजले की या प्रश्नाची भीती उरत नाही.

शास्त्री म्हणजे कोण?

शुभवर्तमानात 'शास्त्री' हा शब्द बहुतेक वेळा परूश्यांच्या जोडीने येतो आणि प्रभू येशूने त्यांना दिलेले कडक बोलच आपल्या लक्षात राहतात. परंतु हिब्रू भाषेत त्यांना 'सोफेर' म्हणत. या शब्दाचा संबंध 'मोजणे' या क्रियेशी आहे. पुढे यहुदी गुरू म्हणू लागले की, नियमशास्त्रातील अक्षरे मोजतात म्हणून ते सोफेर. लिहिता-वाचता येणारी माणसे त्या काळी थोडी होती. राजाचा पत्रव्यवहार, मंदिराचे हिशेब, जमिनीचे करार आणि पवित्र ग्रंथ ही सारी कामे त्यांच्याच हातून होत.

जुन्या करारात असे अनेक लेखनिक आपल्याला भेटतात. योशीया राजाच्या काळी मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ राजाला वाचून दाखवणारा शाफान हा लेखनिकच होता (२ राजे २२). यिर्मया संदेष्ट्याचा विश्वासू सहकारी बारूख हाही लेखनिक. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमेत लोकांपुढे उभा राहणारा एज्रा याजक होता आणि शास्त्रीही होता. नहेम्याच्या आठव्या अध्यायातील तो प्रसंग जरूर वाचा. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत ग्रंथ वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगतात. जसे लिहिले आहे तसे वाचणे आणि ऐकणाऱ्याला समजेल असे सांगणे, ही दोन्ही कामे तेथे शेजारी शेजारी चालली आहेत. शास्त्र्यांचा सारा इतिहास या दोन कामांचाच आहे.

नक्कल कशी होत असे?

छापखाना नव्हता. एक ग्रंथ जीर्ण झाला की दुसरा हाताने उतरवावा लागे. मेंढ्या-बकऱ्यांचे कातडे कमावून, घासून गुळगुळीत करत. त्यावर बोथट टोकाने शाई न लावता ओळी आखत आणि अक्षरे त्या ओळींना टांगल्यासारखी, म्हणजे आपल्या देवनागरीप्रमाणेच ओळीच्या खाली लिहीत. काजळीची शाई आणि बोरूची लेखणी वापरत. एकेक तुकडा लिहून झाला की तुकडे एकमेकांना शिवून लांब गुंडाळी तयार होई.

चूक झाली तर? कातडे महाग, ते फेकून देणे परवडणारे नव्हते. नको असलेल्या अक्षरावर टिंबे देत, राहून गेलेला शब्द ओळीच्या वर बारीक अक्षरांत लिहीत. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे चटकन पटेल. ड्रॉइंगवर खाडाखोड लपवायची नसते. काय बदलले ते दिसले पाहिजे. शास्त्र्यांच्या दुरुस्त्याही अशाच उघड्या आहेत. दोन हजार वर्षांनंतरही त्या आपल्याला वाचता येतात.

पुढे नियम अधिक कडक झाले. यहुदी सभास्थानात वाचली जाणारी तोराची गुंडाळी, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, आजही हातानेच लिहितात. लेखनिकाला ती पाठ असली तरी आठवणीतून लिहिण्याची परवानगी नाही. समोर नमुना ठेवायचा, शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि मगच लिहायचा. देवाचे नाव लिहिताना चूक झाली तर ते खोडता येत नाही. एका गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि ती पुरी व्हायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हे फार दूरचे नाही. पुण्याच्या कॅम्पात आपण 'लाल देऊळ' म्हणतो ते ओहेल डेव्हिड सभास्थान १८६७ साली पूर्ण झाले. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायली बांधवांचे सभास्थान १९२१ चे. अशा सभास्थानांत पवित्र कपाटात जपून ठेवतात ती हीच हस्तलिखित तोरा.

मृत समुद्राकाठची साक्ष

एवढी काळजी घेतली तरी सुरुवातीच्या काळात काय झाले, हे फार वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. जुन्या कराराची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण हिब्रू प्रत इ. स. १००८ च्या सुमाराची. ती ख्रिस्तानंतर हजार वर्षांनी लिहिलेली. मग १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील एका गुहेत मेंढपाळांना मातीच्या रांजणांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. १९५६ पर्यंत अकरा गुहांतून सुमारे नऊशे हस्तलिखितांचे लहानमोठे अवशेष मिळाले. त्यांपैकी दोनशेहून अधिक जुन्या करारातील पुस्तकांचे आहेत.

त्यातील यशयाची मोठी गुंडाळी सव्वासात मीटरहून लांब आहे. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील, म्हणजे प्रभू येशूच्या जन्माच्याही शंभरहून अधिक वर्षे आधीची मानतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी संगणकाने तिच्यातील अक्षरांची वळणे तपासली आणि २०२१ साली सांगितले की, ही गुंडाळी एकाने नव्हे तर बहुधा दोन लेखनिकांनी लिहिली असावी. दुसऱ्याने पहिल्याचे वळण इतके सांभाळले की फरक सहज डोळ्यांना दिसत नाही. स्वतःचे अक्षर मिरवायचे नाही, ही त्यांची शिस्त.

या गुंडाळीची इ. स. १००८ च्या प्रतीशी तुलना केली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, अकराशे वर्षांचे अंतर असूनही यशयाचा संदेश तोच आहे आणि बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आहेत. दुसरी, चुका आणि दुरुस्त्याही आहेत. चाळिसाव्या अध्यायात गवत सुकते, फूल कोमेजते अशा अर्थाचे शब्द सातव्या आणि आठव्या ओवीत दोनदा येतात. मूळ लेखनिकाची नजर बहुधा एका ठिकाणावरून दुसऱ्या ठिकाणी घसरली आणि मधला मजकूर राहून गेला. नंतर दुसऱ्या कोणीतरी तो ओळीच्या वर आणि जागा पुरेना म्हणून समासात खालपर्यंत लिहून काढला. देवाच्या नावाच्या जागी त्याने आदराने फक्त चार टिंबे दिली. आणि ही चूक झाली कोठे, तर देवाचे वचन सर्वकाळ टिकते असे सांगणाऱ्या ओवीपाशीच! वचन टिकले, कारण एकाच्या हातून निसटलेले दुसऱ्या हाताने सावरले.

दुसरे उदाहरण स्तोत्र १४५ चे. या स्तोत्राची प्रत्येक ओवी हिब्रू वर्णमालेतील पुढच्या अक्षराने सुरू होते. वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. परंतु परंपरेने चालत आलेल्या हिब्रू पाठात 'नून' या अक्षराची ओवी नव्हती. ग्रीक भाषांतरात ती होती. कुमरानच्या अकराव्या गुहेतील स्तोत्रांच्या गुंडाळीत तीच ओवी हिब्रूमध्येही मिळाली. म्हणूनच आजच्या अनेक भाषांतरांत ती पुन्हा स्तोत्रात घेतलेली दिसते. कोणी काही लपवले नाही. निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवल्या आणि एकीतील उणीव दुसरीने भरून काढली.

यिर्मयाच्या बाबतीत फरक मोठा आहे. ग्रीक भाषांतरातील यिर्मया हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि अध्यायांचा क्रमही थोडा वेगळा आहे. कुमरानमध्ये दोन्ही प्रकारच्या हिब्रू प्रतींचे तुकडे सापडले. म्हणजे येशूच्या आधीच्या काळात यिर्मयाचे पुस्तक दोन रूपांत वाचले जात होते. इ. स. ७० मध्ये मंदिराचा नाश झाला. त्यानंतर यहुदी समाजात एकच पाठ सर्वमान्य होत गेला आणि पुढे तिबिर्या येथील पंडितांनी त्यावर स्वरचिन्हे देऊन, शब्द न् शब्द मोजून तो पक्का केला.

नकलेच्या पलीकडचे काम

दोन यिर्मया कसे झाले असतील? याचे उत्तर शोधायला यिर्मयाचाच छत्तिसावा अध्याय मदत करतो. यिर्मया सांगतो आणि बारूख लिहितो. यहोयाकीम राजा हिवाळी वाड्यात शेगडीपाशी बसला आहे. गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने ते कापून आगीत टाकतो. अशी सारी गुंडाळी जळते. मग यिर्मया बारूखाकडून दुसरी लिहून घेतो आणि शेवटच्या ओवीत सांगितले आहे की, जळालेल्या गुंडाळीतील सर्व वचने तर तिच्यात आलीच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. पवित्र शास्त्र स्वतःच मोकळेपणाने सांगते की ग्रंथ लिहिला गेला, नष्ट झाला, पुन्हा लिहिला गेला आणि वाढला.

शास्त्र्यांचे दुसरे काम ते हेच. जुने वचन नव्या पिढीला, नव्या परिस्थितीत पुन्हा सांगणे. शब्बाथाची आज्ञा पाहा. निर्गमच्या विसाव्या अध्यायात विसाव्याचे कारण सृष्टीच्या निर्मितीत आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा येते. पण कारण मिसरातील गुलामगिरीचे आहे. तुम्ही गुलाम होता, तेव्हा तुमच्या दासदासींनाही विसावा मिळू द्या. आठवड्याच्या तीन पाळ्या करणाऱ्या आपल्या भागातील कामगाराला हे दुसरे कारण किती जवळचे वाटेल!

दावीद राजाची कथाही अशीच दोनदा सांगितली आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात बथशेबेचे प्रकरण, उरीयाचा खून, नाथान संदेष्ट्याने काढलेली खरडपट्टी हे सारे आहे. बंदिवासानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात हे पाप येतच नाही. तेथे दावीद मुख्यतः मंदिराची तयारी करणारा, उपासनेची घडी बसवणारा राजा म्हणून दिसतो. मोडलेले मंदिर पुन्हा उभारणाऱ्या लोकांना तो दावीद हवा होता. यावरून कोणी म्हणेल, शास्त्र्यांनी इतिहास बदलला. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. नवे पुस्तक लिहिणाऱ्यांनी जुने जाळून टाकले नाही. शमुवेलही जपला आणि इतिहासही जपला, दोन्ही एकाच शास्त्रात ठेवले. यहोयाकीम राजा जे करतो तो बदल आणि शास्त्री जे करतात ते पुनर्कथन, या दोहोंत फरक आहे तो हाच.

आपल्या मातीतील उदाहरणे

हे काम आपल्या मराठीतही झाले आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके अलिबाग, पेण, मुरूड भागांत तेल गाळण्याचा धंदा करून राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हाताशी ग्रंथ नसतानाही त्यांनी शब्बाथ सोडला नाही. पुढे ग्रंथ आले, शिक्षण आले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत सचित्र छापली गेली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांच्या पुढाकाराने बेने इस्रायलांची कीर्तने सुरू झाली. योसेफ, मोशे, एलिया यांची आख्याने मराठी पद्यात, कीर्तनाच्या थाटात रंगू लागली. सभास्थानातील तोरेच्या गुंडाळीत मात्र अक्षराचाही फरक झाला नाही. गुंडाळी गुंडाळीच्या जागी, कीर्तन कीर्तनाच्या जागी.

आपल्या कॅथलिक परंपरेत हे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत साष्टी भागात राहिले. तेथील ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी आम्हांला ऐकायला काहीतरी द्या, अशी लोकांची मागणी होती, असे त्यांच्या ग्रंथातच आले आहे. त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली तो ग्रंथ राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही.

मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? हाताने केलेल्या नकलांतून! १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरीही भाविक ख्रिस्तपुराण उतरवून घेत राहिले, गोव्यात आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या घरांतूनही. रविवारी आणि सणांना ते गाऊन वाचले जाई. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते छापले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

येथेही दोन रूपे आहेत. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला गेलेली एक प्रत देवनागरीत आहे. रोमन लिपीतील प्रतींत जेथे पोर्तुगीज शब्द आहेत, तेथे या प्रतीत अनेकदा संस्कृत शब्द आढळतात. कोणते रूप मूळचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कथा मात्र दोन्हीकडे तीच आणि प्रभू तोच. दोन यिर्मयांचे कोडे ज्याला अवघड वाटते, त्याने आपल्याच भाषेतील या ग्रंथाकडे पाहावे.

मग उत्तर काय द्यावे?

१. *"प्रतींमध्ये फरक आहेत का?" होय, आहेत.* ते कोणी लपवलेले नाहीत. बहुतेक फरक किरकोळ आहेत. जे मोठे आहेत ते अभ्यासकांनी तपासून तळटिपांत दिले आहेत. हजारो प्रती निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांत होत्या. सगळ्यांत एकाच वेळी गुपचूप बदल करणे कोणालाही शक्य नव्हते.

२. *"माणसांनी त्यात भर घातली का?" पवित्र शास्त्र घडतानाच जुने वचन पुन्हा पुन्हा नव्याने सांगितले गेले.* आकाशातून एकदम पडलेला ग्रंथ अशी आपली श्रद्धा नाही. पवित्र आत्म्याने माणसांच्या हातून, त्यांच्या भाषेतून आणि काळातून काम केले असे ख्रिस्तसभा शिकवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देवाच्या प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात हे स्पष्ट केले. शुभवर्तमानकारांनीही मिळालेल्या परंपरेतून काही निवडले, काही संक्षिप्त केले आणि आपापल्या मंडळींसाठी मांडले, असे त्यात सांगितले आहे.

३. *"मग विश्वास कशावर ठेवायचा?" ज्या देवाने हा शब्द दिला आणि ज्या समाजाने तो जपला, त्यांच्यावर.* स्वर्गराज्याचा शिष्य झालेला शास्त्री आपल्या भांडारातून नव्या आणि जुन्या गोष्टी काढणाऱ्या घरधन्यासारखा आहे, असे प्रभू येशू सांगतो. शास्त्र्यांवर कडक टीका करणारा येशूच हे म्हणतो. नवे नको म्हणून जुने कुलपात ठेवणारा किंवा नव्यासाठी जुने फेकून देणारा घरधनी त्याला अभिप्रेत नाही.

रविवारी मिस्सामध्ये आपले वाचक बंधुभगिनी वाचन करतात तेव्हा ते एज्राचे काम करतात. लिहिले आहे तेच, स्पष्ट, घाई न करता. धर्मगुरूंचे प्रवचन, धर्मशिक्षणाचा वर्ग आणि आजीने नातवाला सांगितलेली दावीद-गल्याथाची गोष्ट हे लेवींचे काम. दोन्ही हवीत. वाचनात आपल्या मनचे घुसडू नये आणि गोष्ट सांगताना पुस्तकाला चिकटून तिचा जीव काढू नये.

चिंतनासाठी

१. आपल्या घरातील बायबलच्या तळटिपा आपण कधी वाचल्या आहेत का? यशया ४० आणि स्तोत्र १४५ च्या तळटिपा काढून पाहा.
२. शब्बाथाच्या आज्ञेची दोन कारणे (निर्गम २०:८-११ आणि अनुवाद ५:१२-१५) वाचा. आपल्या घरी, आपल्याकडे काम करणाऱ्यांना विसावा मिळतो का?
३. 'बायबल बदलले आहे' असे म्हणणाऱ्या मित्राला आपण शांतपणे काय सांगाल?

या आठवड्यात घरी करून पाहा

घरातील प्रत्येकाने यशया ४०:१-८ वहीत हाताने उतरवून काढावे. मग वह्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या चुका शोधाव्यात आणि राहिलेले शब्द ओळीच्या वर लिहावेत. ते झाले की पुस्तक मिटून तोच उतारा सर्वांत लहान मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा.